व्हीलचेअरवरच्या तलवारबाजीमागचा डॉक्टर

गोष्ट १९१७ सालची. पहिले महायुद्ध चालू होते. जर्मनीच्या पूर्व टोकाला, सायलेशियाच्या कोळसा पट्ट्यातल्या कोनिग्सह्युटे गावी खाणकामगारांसाठी एक अपघात रुग्णालय होते. तिथे शाळा संपवून आलेला एक मुलगा स्वयंसेवक म्हणून राबत होता. एके दिवशी खाणीत पाठीचा कणा मोडलेला एक धट्टाकट्टा तरुण दाखल झाला. कमरेखालचे अंग पूर्ण लुळे. डॉक्टरांनी त्याला प्लास्टरमध्ये घातले आणि पडद्याआड एका कोपऱ्यात ठेवले. मुलगा त्याची माहिती टिपून घेऊ लागला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की यात फार वेळ दवडू नकोस, हा काही आठवड्यांचा सोबती आहे. झालेही तसेच. पाठीला जखमा पडल्या, लघवीत जंतुसंसर्ग झाला, तो रक्तात पसरला आणि पाचेक आठवड्यांत तो तरुण गेला.

त्या मुलाचे नाव लुडविग गुटमन. पुढे सत्तावीस वर्षांनी त्याच्याच हाती अशा रुग्णांचा विभाग आला. आणि १९६० साली रोममध्ये, ज्यांना पूर्वी कोपऱ्यात ठेवून देत असत असे रुग्ण व्हीलचेअरवर समोरासमोर बसून तलवारी चालवत होते. पॅरालिम्पिकचे जनक म्हणून गुटमन यांचे नाव अनेकांना ठाऊक असते. पण खेळाच्या मैदानापर्यंत पोहोचण्याआधी त्यांनी वॉर्डात काय केले, हे फारसे सांगितले जात नाही. खरी गोष्ट तिथे आहे.

गुटमन यांचा जन्म ३ जुलै १८९९ चा, आज पोलंडमध्ये असलेल्या तोस्ट या गावचा. घर ज्यू धर्मनिष्ठांचे. १९१८ मध्ये ब्रेस्लाउ येथे त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले, पुढे ते फ्रायबुर्गला गेले आणि १९२४ मध्ये डॉक्टर झाले. त्या काळी जर्मन विद्यापीठांत ज्यूद्वेष उघडपणे दिसू लागला होता. फ्रायबुर्गला गुटमन ज्यू विद्यार्थ्यांच्या एका संघटनेत सामील झाले. अशा संघटनांचा भर शरीर कमावण्यावर असे आणि त्यांच्यात तलवारबाजीही शिकवली जाई. आपल्याला दुबळे समजून कोणी टोमणे मारले तर मान खाली घालायची नाही, हा त्यामागचा विचार होता. शरीर कमावले की माणसाची स्वतःकडे पाहण्याची नजर बदलते, हे त्या तरुणाने वयाच्या विशीतच पाहिले.

ब्रेस्लाउला परतल्यावर ते ओटफ्रिड फोर्स्टर यांच्या हाताखाली मज्जासंस्थेचे विकार आणि शस्त्रक्रिया शिकले. फोर्स्टर हे त्या काळातले युरोपातले मोठे नाव. गुटमन त्यांचे पहिले सहायक झाले. मात्र १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू डॉक्टरांना सरकारी नोकऱ्यांतून काढण्यात आले. गुटमन ब्रेस्लाउच्या ज्यू रुग्णालयात गेले आणि पुढे तिथले प्रमुख झाले.

९ नोव्हेंबर १९३८ च्या रात्री जर्मनीभर ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनागृहे जाळण्यात आली, माणसांची धरपकड सुरू झाली. गुटमन यांनी कर्मचाऱ्यांना हुकूम दिला की दारात येणाऱ्या कुणालाही काहीही न विचारता दाखल करून घ्या. त्या रात्री ६४ जण दाखल झाले. दुसऱ्या दिवशी गेस्टापोचे अधिकारी यादी तपासायला आले. गुटमन त्यांना प्रत्येक खाटेपाशी घेऊन गेले आणि प्रत्येकाला कोणता गंभीर आजार आहे हे शांतपणे सांगत राहिले. ६० जण छळछावणीत जाण्यापासून वाचले.

मात्र तिथे राहणे आता शक्य नव्हते. मार्च १९३९ मध्ये पत्नी एल्स आणि दोन मुलांसह ते इंग्लंडला आले. निर्वासित संशोधकांना मदत करणाऱ्या एका संस्थेने त्यांची ऑक्सफर्डमध्ये सोय लावली. चाळिशीतला, नावाजलेला शल्यविशारद तिथे नसांच्या दुखापतींवर संशोधन करत बसला. रुग्ण हाताखाली नाहीत ही खंत त्यांना सतावत होती.

१९४४ मध्ये दोस्त राष्ट्रे फ्रान्सच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवण्याच्या तयारीत होती. कण्याला गोळी लागलेले सैनिक मोठ्या संख्येने येणार हे उघड होते. पहिल्या महायुद्धातला अनुभव भयानक होता. कमरेखाली लुळे पडलेल्या सैनिकांपैकी बहुतेक जण दगावले होते. ब्रिटिश सरकारने लंडनच्या वायव्येला आयल्सबरीजवळच्या स्टोक मँडव्हिल रुग्णालयात या रुग्णांसाठी खास विभाग उघडायचे ठरवले आणि तो गुटमन यांच्याकडे सोपवला. १ फेब्रुवारी १९४४ रोजी २६ खाटांचा तो विभाग सुरू झाला. अनेक सहकाऱ्यांना वाटले की या माणसाने निराशेचे काम पत्करले आहे.

इथे थोडे शरीरशास्त्र समजून घ्यायला हवे. कण्याच्या मणक्यांमधून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम खाली नेणारा आणि खालची जाणीव वर आणणारा हा मार्ग तुटला, की त्याखालची हालचाल जाते आणि स्पर्शही जातो. पण मज्जारज्जू तुटल्यामुळे माणूस सहसा लगेच मरत नाही. तो मरतो तो त्यानंतर होणाऱ्या दोन गोष्टींमुळे. आपण झोपेतही सतत कूस बदलतो, कारण एका जागी दाब पडला की त्वचा कुरकुर करते. लुळ्या अंगाला ती कुरकुर कळत नाही. माकडहाड, नितंब, टाच यांवर तासन् तास दाब राहिला की तिथल्या बारीक रक्तवाहिन्या बंद होतात, मांस मरते आणि हाडापर्यंत जाणारी जखम पडते. दुसरी गोष्ट मूत्राशयाची. ते भरल्याचे कळत नाही, रिकामे करता येत नाही. साठलेल्या लघवीत जंतू वाढतात, मूत्रपिंडे खराब होतात. खाणीतला तो तरुण या दोन्हींनी गेला होता.

गुटमन यांनी सगळ्यात आधी प्लास्टर काढून टाकले. ज्या अंगाला दाब कळत नाही त्याला कडक साच्यात बंद करणे म्हणजे जखमेला आमंत्रण. मग नियम केला की प्रत्येक रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायची, दिवसा आणि रात्रीही. त्यासाठी माणसे लागत आणि ती कंटाळत. गुटमन स्वतः रात्री-अपरात्री वॉर्डात येऊन कूस खरोखर बदलली का, हे पाहत. लघवीसाठी कायमची नळी घालून ठेवण्याऐवजी ठरावीक वेळांनी, निर्जंतुक पद्धतीने, नळी घालून मूत्राशय रिकामे करायचे आणि नळी काढून टाकायची, ही पद्धत त्यांनी रूढ केली. सुरुवातीला हे काम ते शिकाऊ हातांवर सोपवत नसत, डॉक्टरांनीच करायचे असा दंडक होता. या पद्धतीने उपचार केलेल्या ४७६ रुग्णांचा अभ्यास त्यांनी हॅन्स फ्रँकेल यांच्यासह १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. सल्फा औषधे आणि पेनिसिलिन त्याच सुमारास हाती आली होती, त्यांचाही वाटा मोठा. आणि अमेरिकेत बोस्टनला डोनाल्ड मन्रो यांनी याच दिशेने आधीच काम सुरू केले होते. पण एका छताखाली, एका नियमाने, शेकडो रुग्णांवर हे सगळे सातत्याने करून दाखवले ते गुटमन यांनी.

रुग्ण जगू लागले. मग पुढचा प्रश्न उभा राहिला की जगून करायचे काय? विशीतला सैनिक, लग्न ठरलेले, आणि उरलेले आयुष्य छताकडे बघत काढायचे? गुटमन यांनी वॉर्डात सुतारकाम, घड्याळदुरुस्ती, टंकलेखन सुरू केले. आपला रुग्ण घरी जाऊन कर भरणारा नागरिक झाला पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता.

खेळ त्यातूनच आला. एकदा त्यांना काही रुग्ण व्हीलचेअरवर बसून काठ्यांनी एक चकती इकडून तिकडे टोलवताना दिसले. हा खेळ त्यांनी उचलून धरला आणि स्वतःही खुर्चीत बसून खेळून पाहिला. ‘व्हीलचेअर पोलो’ असे त्याचे नाव पडले. तो फारच धसमुसळा निघाला, म्हणून त्याच्या जागी बास्केटबॉल आला. मग धनुर्विद्या आली. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकचे उद्घाटन होत होते त्याच दिवशी, स्टोक मँडव्हिलच्या हिरवळीवर १४ पुरुष आणि दोन स्त्रिया, असे १६ जण व्हीलचेअरवरून तिरंदाजीच्या स्पर्धेत उतरले. दिवस मुद्दाम निवडलेला होता. १९५२ मध्ये हॉलंडचा संघ आला आणि स्पर्धा आंतरराष्ट्रीय झाली. १९५० च्या दशकातच या खेळांमध्ये तलवारबाजी दाखल झाली.

धनुष्य आणि तलवार यांची निवड वैद्यकीय कारणांनीही योग्य होती. पाठीच्या दोन्ही बाजूंना एक रुंद स्नायू असतो, लॅटिसिमस डॉर्साय. त्याचे एक टोक दंडाच्या हाडाला आणि दुसरे थेट खाली कमरेच्या हाडापर्यंत. गंमत अशी की, तो इतका खाली पोहोचत असला तरी त्याच्या नसा मानेतून निघतात. त्यामुळे छातीच्या पातळीवर मज्जारज्जू तुटला तरी हा स्नायू जिवंत राहतो आणि लुळ्या व सशक्त अंगांमध्ये पुलासारखे काम करतो. तो बळकट केला की आधाराशिवाय ताठ बसता येते, तोल सावरता येतो. धनुष्य ओढताना, तलवार पुढे मारून परत सावरताना हाच स्नायू कामाला लागतो. गुटमन यांनी आपल्या लेखनात या स्नायूवर वारंवार भर दिला आहे. डंबेल्स उचलूनही हा व्यायाम होतो, पण रोज तेच तेच करायला रुग्ण कंटाळतो. समोर कोणी वार करायला बसला असेल तर कंटाळायला वेळ मिळत नाही.

व्हीलचेअरवरची तलवारबाजी आज ज्या रूपात खेळली जाते ती पाहण्यासारखी असते. दोन्ही खुर्च्या जमिनीवरच्या चौकटीत घट्ट अडकवलेल्या असतात. दोघांमधले अंतर हातांच्या लांबीवरून आधीच ठरते. उभ्याने खेळणारा तलवारबाज धोका दिसला की दोन पावले मागे जातो. इथे ती सोय नाही. वार चुकवायचा तर धड मागे टाकायचे, बाजूला झुकायचे, किंवा तलवारीने तलवार अडवायची. मोकळ्या हाताने खुर्ची धरून तोल सांभाळायचा. बसकण उचलली तर चूक धरतात. फॉइल, एपी आणि सेबर अशा तिन्ही प्रकारच्या तलवारी वापरतात. एपीमध्ये कमरेवरचा सगळा भाग लक्ष्य असतो, म्हणून पायांवर एक आवरण टाकतात, तिथे लागलेला वार मोजला जात नाही. धडावर किती ताबा आहे हे तपासून खेळाडूंचे गट पाडतात. म्हणजे ज्याला बसल्या जागी तोल सावरता येतो त्याची गाठ तोल न सावरणाऱ्याशी पडत नाही. दुखापत कुठल्या मणक्याला झाली यावरून गट पाडण्याची सुरुवात स्टोक मँडव्हिलच्या खेळांतच झाली होती.

या खेळात आणखी एक गोष्ट घडते. लुळ्या पडलेल्या माणसाशी घरचे, शेजारचे, डॉक्टरसुद्धा जपून वागतात. त्याला काही लागेल, दुखेल, वाईट वाटेल अशी सगळ्यांना भीती. तलवार घेऊन समोर बसलेला माणूस मात्र अजिबात जपत नाही. तो वार करतो आणि आपला वार अडवतो. जिंकला तर खरा जिंकतो, हरला तर खरा हरतो. दयेचे वातावरण हा या रुग्णांचा एक मोठा शत्रू आहे, असे गुटमन मानत. वॉर्डात ते स्वतः फार गोड वागत नसत. अंथरुणातून उठायला नकार देणाऱ्यांना ते सरळ रागवत. रुग्ण त्यांना ‘पॉपा’ म्हणत, त्यात माया होती आणि धाकही.

सप्टेंबर १९६० मध्ये, रोम ऑलिम्पिक संपल्यावर आठवडाभराने, २३ देशांचे सुमारे ४०० खेळाडू त्याच शहरात जमले. हेच पुढे पहिले पॅरालिम्पिक मानले गेले. आठ खेळांपैकी तलवारबाजी एक होती आणि त्यात स्त्रियाही उतरल्या. खेळाडूंच्या निवासाला जिने होते, त्यामुळे खुर्च्यांसकट त्यांना सैनिकांनी उचलून वर-खाली नेले. आजही आपल्याकडच्या किती कचेऱ्यांत असेच उचलावे लागते, हे ज्याच्या घरी व्हीलचेअर आहे त्याला विचारावे.

गुटमन यांच्या कामाला मर्यादाही होत्या. ते हुकूमशाही वृत्तीचे होते, आपलेच खरे करत. त्यांचे खेळ बरीच वर्षे फक्त मज्जारज्जूच्या रुग्णांपुरते राहिले. हातपाय गमावलेल्यांना आणि अंधांना पॅरालिम्पिकमध्ये प्रवेश मिळाला तो १९७६ मध्ये, टोरांटोला. अंधांसाठीचा ज्युडो १९८८ मध्ये सोलला आला. त्यात दोघे एकमेकांचा पोशाख पकडूनच कुस्ती सुरू करतात, म्हणजे शोधाशोध करावी लागत नाही. तायक्वांदो टोकियोच्या स्पर्धेत, २०२१ मध्ये आला. मुष्टियुद्धाला मात्र अजून तिथे जागा नाही.

या इतिहासाला महाराष्ट्राचाही एक धागा आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ गावचे मुरलीकांत पेटकर लष्करात मुष्टियोद्धे होते. १९६५ च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचे अंग लुळे पडले. रिंगण बंद झाले. १९६८ मध्ये तेल अवीवला भारताचा पहिला पॅरालिम्पिक संघ गेला, त्यात ते होते. १९७२ मध्ये हायडलबर्गला त्यांनी ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्णपदक जिंकले. पॅरालिम्पिकमधले ते भारताचे पहिले सुवर्ण. हायडलबर्गच्या त्या खेळांची धुरा गुटमन यांच्याकडे होती. नाझींमुळे ज्यांना देश सोडावा लागला, ते ३३ वर्षांनी त्याच देशात हे खेळ भरवत होते आणि तिथे एका मराठी मुष्टियोद्ध्याने पाण्यात बाजी मारली.

गुटमन १९६६ मध्ये ‘सर’ झाले, १९७६ मध्ये रॉयल सोसायटीचे सदस्य झाले. १८ मार्च १९८० रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. त्यांचे एक संशोधन मात्र मैदानावर आणि घराघरांत अजून उपयोगी पडते. १९४७ मध्ये त्यांनी डेव्हिड व्हिटरिज यांच्यासह दाखवून दिले की, मज्जारज्जूची दुखापत छातीच्या वरच्या भागात किंवा मानेत असेल, तर मूत्राशय तुडुंब भरल्याने रक्तदाब अचानक उसळतो. रुग्णाचे डोके ठणकते, चेहरा लाल होतो, घाम फुटतो. वेळीच ओळखले नाही तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. पुढे काही खेळाडू ताकद वाढावी म्हणून मुद्दाम मूत्राशय भरलेले ठेवू लागले. त्यावर आता बंदी आहे.

ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी गुटमन यांच्या वॉर्डातल्या गोष्टी लक्षात ठेवाव्यात. अंथरुणात असताना दर दोन तासांनी कूस बदलायची, हवेची किंवा पाण्याची गादी असली तरीही. खुर्चीत बसणाऱ्याने दर १५ ते ३० मिनिटांनी हातांवर भार देऊन किंवा बाजूला झुकून बसकणीवरचा दाब काढायचा. रोज सकाळी माकडहाड, नितंब, टाचा यांवर नजर टाकायची, स्वतःला दिसत नसेल तर आरशाने. लालसर डाग दाबूनही पांढरा होत नसेल तर त्या जागेवर पुन्हा भार द्यायचा नाही आणि डॉक्टरांना दाखवायचे. ठरावीक वेळांनी नळी घालून लघवी काढण्याची पद्धत आता सोपी झाली आहे. हात साबणाने स्वच्छ धुऊन बरेच रुग्ण ती स्वतः करतात, सरकारी रुग्णालयातही ती शिकवतात. डोके अचानक ठणकून चेहरा लाल झाला तर रुग्णाला ताठ बसवा, कपडे सैल करा, नळी मुडपली आहे का ते पाहा, आणि तरी त्रास थांबला नाही तर लगेच रुग्णालय गाठा.

हे सगळे नीट जमले की मगच खेळाचे नाव काढता येते. माकडहाडावर जखम असलेल्याला कुणी तलवार हातात देत नाही. पण त्वचा शाबूत आहे, लघवीचे वेळापत्रक बसले आहे, डॉक्टरांनी हाडे, रक्तदाब तपासून परवानगी दिली आहे, अशा तरुणाने खेळायचे म्हटले तर घरच्यांनी घाबरून मोडता घालू नये. त्याला कुठला खेळ झेपेल हे भौतिकोपचार तज्ज्ञाला विचारावे आणि त्याच्यासमोर कुणी तरी बरोबरीचा बसवून द्यावा.